दारातून बाहेर न जाणारा झोपाळा

गोवा राज्य झालं त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या घरी झोपाळा करायचं ठरलं. हौस म्हणून नव्हे. भाषेच्या वादातून ठरलं, आणि ज्या व्यक्तीसाठी ठरलं तिला कोणी विचारलं नाही.

सासूबाईंचे गुडघे धरलेले होते. जमिनीवर बसल्या तर उठवायला दोन माणसं लागत. कदेलीवर, म्हणजे आमच्याकडच्या लाकडी खुर्चीवर, बसल्या तर एक माणूस लागे. दिवसभर घरात तेवढंही माणूस नसे. मी पणजीला एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. मांडवीवरचा पूल पडल्यापासून डिचोलीहून बेतीपर्यंत बस आणि पुढे फेरीबोट असा प्रवास होता, त्यामुळे घरी यायला दिवेलागण व्हायची. नवरा पेडण्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळत होता. सासरे निवृत्त मराठी शाळामास्तर. ते दुपारी झोपत, नाहीतर सभेला जात. सासूबाई बसल्या की कोणीतरी येईपर्यंत बसून राहत. म्हणून त्या बसतच नसत. स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभ्या राहत, किंवा सरळ खाटेवर आडव्या होत.

याला एकच अपवाद होता. कुंपणापलीकडच्या घरात चौकाच्या तुळईला झोपाळा होता. फळी उंच, दोन्ही बाजूंना कड्या. कडीला धरलं की झोपाळाच थोडा पुढे येतो आणि माणूस उठून उभं राहतं, हे सासूबाईंच्या लक्षात आलं होतं. जेवणं आटोपली की त्या कुंपणाच्या फटीतून पलीकडे जात आणि चहाच्या वेळेपर्यंत शेजारणीसोबत झोपाळ्यावर बसत. दोघी वाल सोलत, वाती वळत, गावातल्या लग्नांचा हिशेब ठेवत. कधी कधी नुसत्याच बसत. "थंय हांव म्हजी हांव उठटां," असं त्या म्हणायच्या. तिथे मी माझी मी उठते. त्यांच्या तोंडून स्वतःच्या दुखण्याबद्दल ऐकलेलं हे सर्वांत लांब वाक्य.

राजभाषेचा कायदा तेव्हा होऊन गेला होता. त्यात कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही जागा मिळाली. त्यामुळे दोन्ही बाजूंना आपण जिंकलो असंही वाटे आणि आपल्याला फसवलं असंही. सासरे मराठीचे. शेजारी, डिचोलीच्या बाजारात ज्यांचं कापडाचं दुकान होतं, ते कोकणीचे. दोघं रोज सकाळी शेजाऱ्यांच्या बालकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून एकाच वर्तमानपत्रावरून वाद घालत आणि चहा पिऊन उठत. त्यातून कोणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते देवळाच्या पाटीवरून. सभामंडपावर नवी पाटी लावायची होती. ती मराठीत की कोकणीत, असा प्रश्न निघाला. लिपी एकच, मजकूर चार शब्दांचा, आणि त्या चारांतले तीन शब्द दोन्ही भाषांत सारखे. तरी वाद त्या दिवशी जेवणानंतरही बालकांवात चालू राहिला. शेवटी शेजारी म्हणाले, "मास्तर, तुमी घरांत बायलेकडेन खंयचे भाशेंत उलयतात?"

घरात बायकोशी कोणत्या भाषेत बोलता, या प्रश्नाला सासऱ्यांकडे उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर सगळ्या गावाला माहीत होतं. ते अर्धा चहा टाकून उठले. सासूबाई तेव्हा आत झोपाळ्यावर होत्या. त्यांनाही ऐकू आलं. त्यांना सासऱ्यांच्या मागोमाग घरी यावं लागलं.

घरी आल्यावर सासऱ्यांनी जाहीर केलं, "आमच्या घरांतल्यान एकूय पांय थंय पडचो ना." हे जाहीर करताना त्यांनी वापरलेली भाषा शेजाऱ्यांचा मुद्दा सिद्ध करत होती, पण त्या वेळी ते दाखवून देण्यात अर्थ नव्हता.

 सासूबाई दुसऱ्या दिवसापासून दुपारी खाटेवर पडू लागल्या. पडून राहिल्याने गुडघे आणखी आखडले. शेजारीण कुंपणाच्या फटीशी येऊन एकदा विचारून गेली, "कितें गो, येना?" सासूबाईंनी जनेलातून, म्हणजे खिडकीतून, हात हलवला. त्याचा अर्थ येते असाही होत नव्हता आणि येत नाही असाही होत नव्हता. त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा त्या खाटेच्या कडेवर बसलेल्या होत्या. केव्हापासून, ते त्यांनी सांगितलं नाही. चहाचं आधण ठेवायला म्हणून उठायचा प्रयत्न केला होता आणि जमलं नव्हतं. सासरे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राला पत्र लिहीत होते.

मी ते सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी पत्र बाजूला ठेवलं, थोडा विचार केला, आणि म्हणाले, "चवथीपयलीं आमच्या घरांत झोपाळो जातलो."

गणेशचतुर्थीपूर्वी झोपाळा. माझा प्रश्न साधा होता: टांगणार कुठे? आमचं घर जुनं नव्हतं. तुळया नव्हत्या, स्लॅब होता. सासऱ्यांनी बोटाने वर दाखवलं. बाहेरच्या खोलीच्या छताला लोखंडाच्या चार कड्या होत्या.

या कड्यांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी पट्ट्यांची चौकट छताला आडवी टांगायची आणि तिला सुपारीचे घोस, नारळ, तोरिंगं, आंबाडे, रानातली कवंडळं असं सगळं बांधायचं. तिच्यासाठी छताला कड्या लागतात. घराचा स्लॅब घातला त्या दिवशी सासरे सकाळपासून उन्हात छत्री घेऊन उभे होते आणि या चार कड्या काँक्रीटमध्ये बसल्याशिवाय तिथून हलले नाहीत. पंख्याचा हूक राहिला. वर्षातले पाच दिवस लागणाऱ्या कड्या आहेत आणि उरलेलं वर्षभर लागणारा पंखा स्टुलावर आहे, अशी आमच्या बाहेरच्या खोलीची रचना आहे. तालुक्यात अशी आणखी घरं मी पाहिली आहेत. पंख्याचा हूक विसरलेले लोक माटोळीच्या कड्या कधी विसरत नाहीत.

मी म्हटलं, "कड्या भिंतीजवळ आहेत." गणपती भिंतीला टेकून बसतो, म्हणून माटोळीही भिंतीजवळ. झोपाळ्याला पुढेमागे जागा लागते.

नवरा म्हणाला, "दिसता तितलें कठीण ना गो."

गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून अनेक कामांच्या सुरुवातीला ऐकलं होतं.

फळीपासूनच अडलं. न्हाणीच्या माळ्यावर फणसाची एक चांगली फळी होती. ती रंधून, कोपरे गोल करून द्यायला नवरा वाड्यावरच्या मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे गेला. मेस्त ओट्यावर बसून गणपती करत होता. आमच्याकडे बरेच सुतार पावसाळ्यात गणपतीच्या मूर्ती करतात आणि त्या दिवसांत लाकडाला हात लावत नाहीत.

"म्हज्या हातांक माती आसा," तो म्हणाला. "चवथ जावं दी."

"चवथीपयलीं जाय," नवरा म्हणाला.

"मग फळयेक म्हण, माती जा. गणपती करून दितां."

नवऱ्याने रंधा मागून आणला आणि फळी स्वतः रंधली. फळी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ झाली. त्याच्या मते ते हाताने केलेल्या कामाचं लक्षण होतं. बाहेरच्या खोलीत भुसा इतका झाला की भाकरीतही लागू लागला.

झोपाळ्याला कड्यांच्या जागी सळया करून द्यायला कारखान्यातला वेल्डर तयार झाला. हा बेळगावकडचा, तुयेला खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं करायचा. एका रविवारी तो सळया, फळी बसवायच्या पट्ट्या आणि नटबोल्ट घेऊन आला. त्याने माटोळीच्या चारही कड्यांना लोंबकळून पाहिलं आणि मान डोलावली.

"हत्ती बशिवला तरी हलायचं न्हाई, मास्तर."

"हलायचं नाही?" सासरे म्हणाले. "अरे, झोपाळा आहे तो."

"तसं न्हवं. कडी हलायची न्हाई. झोपाळा हलंल की."

"न्हवं काय? नव्हे म्हण. नव्हे."

आमच्या घरात त्या दिवशी घरीही मराठीच बोलणारा तो एकटाच माणूस होता. सासरे त्याचं मराठी दिवसभर दुरुस्त करत राहिले. त्याने ते मनावर घेतलं नाही, जेवताना मात्र म्हणाला, "वैनी, ह्यांची शाळा अजून सुटली न्हाई जनू."

झोपाळा टांगून झाला. माटोळीच्या कड्या चौकोनात, आणि फळी त्या चौकोनापेक्षा लहान. त्यामुळे चारही सळया वरून आत झुकल्या. नवरा बसला आणि पायाने हलकंसं रेटलं. फळी मागे जाऊन भिंतीला लागली. गिलाव्याचा पापुद्रा पडला. पुढच्या रेट्याला दुसरा पडला. मग झोपाळा काढून, भिंतीशी समांतर झुलेल असा वळवून लावला. आता तो एका बाजूला सासऱ्यांच्या पुस्तकांच्या कपाटावर आपटू लागला. कपाट हलवायला सासरे तयार नव्हते. त्यात शब्दकोश होते. शेवटी झोपाळा दोन्ही बाजूंनी जेमतेम वीतभर हलेल अशा बेताने बसला.

"हो झोपाळो न्हय," दारात उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या. "हो बांक."

बांक म्हणजे बाकडं. नवऱ्याने ते ऐकलं नसल्यासारखं केलं आणि म्हणाला, "आई, बसून तरी पळय."

"ना."

"कित्याक?"

"त्यो माटोळेच्यो कडयो. देवाच्या माथ्यावयल्यो. तांकां लोंबकळून हांव पांय हालयत बसूं?"

 सासऱ्यांनी वर पाहिलं. घर बांधताना ज्या कड्यांसाठी ते उन्हात उभे होते त्या कड्यांचं काय चाललंय हे त्यांच्या बहुधा तेव्हाच लक्षात आलं.

"हें आदीं सांगपाचें न्हय?" ते म्हणाले.

"म्हाका कोणें विचारलें?"

हे खरं होतं. मीही विचारलं नव्हतं. मी फक्त भिंतीपासूनचं अंतर मोजलं होतं.

झोपाळा उतरवला. आठवडाभर फळी आणि सळया कोपऱ्यात पडून राहिल्या. सासूबाई खाटेवर. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी सांगितलं की उठबस चालू ठेवा, पडून राहिलात तर पुढे उठणंच कठीण होईल. हे त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं. सासरे पाठीमागे हात बांधून ऐकत होते. कुंपणापलीकडे एक झोपाळा रिकामा होता, हे त्या क्षणी खोलीतल्या प्रत्येकाला आठवलं असणार. 

दुसरा उपाय वेल्डरनेच सुचवला. छत नको, भिंत नको. पायपांची चौकट करू, चार पाय, वर आडवा पायप, त्याला झोपाळा. बागेत असतो तसा. तुयेला पायपांचे तुकडे कापून तो पुढच्या रविवारी आला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि अंगण चिखलाने भरलं होतं, म्हणून वेल्डिंग बाहेरच्या खोलीतच केलं. मी त्या दिवशी ड्युटीवर होते. परतले तेव्हा चौकट उभी होती, तिला अजून जळक्या लोखंडाचा वास येत होता, आणि नवरा व सासरे तिच्याकडे समाधानाने पाहत होते.

मी विचारलं, "ही चवथीला कुठे ठेवायची?"

गणपती त्याच खोलीत बसतो. दुसरी तेवढी खोली घरात नाही.

"भायर काडून बालकांवांत," नवरा म्हणाला.

"दारातून?"

त्याने दाराकडे पाहिलं. मग चौकटीकडे पाहिलं. मग टेप आणायला गेला. टेप कशासाठी हवी होती मला कळलं नाही, कारण चौकट दारापेक्षा रुंद आहे हे उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. आडवी केली तर पाय अडत होते, तिरकी केली तर वरचा पायप अडत होता. पावसामुळे आत जोडली आणि जोडल्यामुळे बाहेर जाईना. वेल्डर, नवरा आणि सासरे तिघंही दिवसभर त्या चौकटीपाशी होते. सासऱ्यांनी त्याच दिवशी वेल्डरच्या बोलण्यातली अनेक रूपं दुरुस्त केली होती. दार कोणी पाहिलं नव्हतं.

मी चिडले होते आणि ते लपवलं नाही. पण आत जाऊन पाहिलं तर सासूबाई खाटेवर नव्हत्या. त्या माझ्यामागून बाहेरच्या खोलीत आल्या, भिंतीला धरत चौकटीपर्यंत पोचल्या, फळीवर बसल्या. झोपाळा थोडा हलला. मग त्यांनी पायपाला धरलं आणि उठून उभ्या राहिल्या. पुन्हा बसल्या. पुन्हा उठल्या. मग चहा ठेवायला गेल्या.

त्यानंतरचे दिवस त्या तिथेच बसत. सकाळी भाजी चिरायला, दुपारी, मी घरी पोचायची तेव्हाही. पोदेर पाव घेऊन आला की हाक ऐकून त्या आपणच उठून दाराशी जात. पूर्वी पोदेर पाव जनेलाच्या गजाला अडकवून जात असे.

चतुर्थी जवळ आली तशी सासऱ्यांची अस्वस्थता वाढली. माटोळी बांधायची, चौरंग मांडायचा, आरतीला वाड्यावरची माणसं येणार, ती उभी राहणार कुठे? त्यांनी नवऱ्याला सांगितलं, वेल्डरला बोलाव आणि दोन पाय कापून टाक; चवथ झाली की परत जोडू. नवरा म्हणाला, वेल्डर रजा टाकून बेळगावला गेला, त्याच्याही घरी गणपती आहे. तुयेच्या वसाहतीतले अर्धे कामगार त्या आठवड्यात गावी गेलेले असतात. सासरे म्हणाले, मग तू कापून टाक, आणि नंतर पुढच्या वर्षी बघू.

नवऱ्याने लोखंड कापायची करवत आणली. सासूबाई झोपाळ्यावर बसून माटोळीसाठी सुपाऱ्या दोऱ्यात ओवत होत्या. त्यांनी करवतीकडे पाहिलं.

"काप," त्या म्हणाल्या. "हांव फाल्यां पलतडीं वचून बसतां." उद्या मी पलीकडे जाऊन बसते.

नवरा थांबला. सासरे खुर्चीतून अर्धवट उठले.

"थंय?" ते म्हणाले. "त्या मनशान म्हाका सगळ्यांमुखार..."

"त्याणें विचारलें तें खोटें न्हय. तुमी भांडात. म्हज्या दिम्यांनी कोणाचें कितें केलां?"

दिमी म्हणजे गुडघे. माझ्या गुडघ्यांनी कोणाचं काय केलंय, असा तो प्रश्न होता. राजभाषेवरची शेकडो पत्रं मी तोवर दुरुस्त करून छापायला दिली होती. त्यांत दोन्ही बाजूंनी संस्कृती, परंपरा, अस्मिता हे शब्द भरपूर होते. गुडघे कोणी आणले नव्हते.

सासरे शब्दकोशांपाशी गेले. मग म्हणाले, "कपाट हालय."

शब्दकोशांचं कपाट आमच्या निजायच्या खोलीत गेलं. ते आमच्या खाटेला लागून उभं राहिलं, त्यामुळे मला पायथ्याकडून खाटेवर चढावं लागतं. झोपाळ्याची चौकट कपाटाच्या जागी सरकवली. आता खोलीत गणपतीपुढे जागा झाली, अरुंद, पण झाली. कड्यांना माटोळी चढली.

आरतीला वाड्यावरची माणसं आली. घुमट, म्हणजे मातीचं चामडं लावलेलं वाद्य, वाजू लागलं आणि लोक दाटीवाटीने उभे राहिले. मागच्यांना चौकटीच्या पायांमधून वाकून उभं राहावं लागलं. एकाने पायपावर डोकं आपटून घेतलं. शेजारी आले नाहीत. शेजारीण आली. तिने गणपतीला नमस्कार केला, चौकट खालून वर न्याहाळली, फळीचा जाड भाग आणि पातळ भाग हाताने चाचपला.

"कोणें रंधली ही?"

"म्हज्या पुतान," सासूबाई म्हणाल्या.

"दिसता."

आणि ती जाड बाजूला, सासूबाईंच्या शेजारी बसली. सासरे तिथून दोन हातांच्या अंतरावर उभे राहून टाळ वाजवत आरती म्हणत होते. ज्या बाईच्या घरी बायकोचा पाय पडू नये म्हणून त्यांनी हा झोपाळा करवून घेतला, ती बाई त्यावर बसली होती. आरती मध्येच थांबवता येत नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि टाळ अधिक जोराने वाजवले.

मूर्तीचं विसर्जन झाल्यावरच्या पहिल्या दुपारी शेजारीण वालाची टोपली घेऊन कुंपणाच्या फटीतून आली. मी त्या दिवशी सुट्टीवर होते. सासरे बाहेरच्या खोलीत वाचत बसले होते. त्यांनी चष्मा उचलला, वर्तमानपत्र उचललं, आणि बालकांवात जाऊन पावसाकडे पाठ करून बसले. चहा झाल्यावर सासूबाई पायपाला धरून उठल्या आणि एक पेला त्यांना नेऊन दिला. तो त्यांनी घेतला. दुसरा पेला शेजारणीच्या हातात होताच.